लेखाखालची तारीख

तुझं पत्र दोनदा वाचलं. 8 एप्रिल 1929 ला असेंब्लीत बॉम्ब टाकणारा भगतसिंग खरा, की फाशीच्या सात आठवडे आधी तरुण कार्यकर्त्यांना 'खरी फौज खेड्यांत आणि कारखान्यांत आहे' असं बजावणारा खरा, यानं तुझं डोकं भंजाळलंय. भंजाळू दे. पण मधल्या बावीस महिन्यांत हा माणूस कोठडीत काय करत होता, ते विचारलंस का? तारीख बघ रे, तारीख!

वाचत होता तो. सप्टेंबर 1929 मध्ये तुरुंगात मिळालेल्या वहीत मार्क्स, एंगल्स, रूसो, अगदी उमर खय्यामसुद्धा उतरवून घेत होता.

ऑक्टोबर 1930 चा पहिला आठवडा घे. मुलाला न विचारता वडिलांनी त्याआधीच लाहोर कट खटल्याच्या न्यायाधिकरणाकडे त्याच्या बचावाचा अर्ज केला होता. 4 तारखेला त्यानं वडिलांना लिहिलं, की दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला दगाबाजीच म्हटलं असतं. 7 ला फाशीची शिक्षा. आणि त्याच महिन्यात 'मी नास्तिक का आहे' हा लेख! लाहोरच्या वसतिगृहात असताना तासनतास गायत्री जपायचो, हे तो त्यात स्वतःच सांगतो. झाकत नाही. आधी काय मानत होतो, मग का सोडलं, सगळं मांडतो.

मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा आम्ही भिंतीवर त्याचा हॅटवाला चेहरा रंगवून घेतला. पेंटरला मीच म्हटलं, हातात पिस्तूल दे. मूळ फोटोत पिस्तूल नाहीच. ती माझी भर होती. पुढं पंधरा वर्षं त्याच्यावर भाषणं ठोकली, त्याचा एक लेख धड शेवटपर्यंत न वाचता. आता वाचतोय तर जुने सोबती म्हणतात, म्हातारा थंड पडला. म्हणोत बापडे. मोर्च्यात मी कुणाच्या मागं नव्हतो. हे तुला सांगायचं कारण नाही, तरी सांगितलं.

असो. जून 1928 च्या 'किरती' या पंजाबी मासिकात त्यानं 'विद्रोही' या नावानं अस्पृश्यतेवर लेख लिहिला, तो आधी वाच. वय तेव्हा वीस. तिथून महिन्यांच्या क्रमानं पुढं ये. मोबाइलवर फिरणारी त्याची वाक्यं मला पाठवू नकोस. कुठल्या लेखातलं, कधीचं, हे माहीत असेल तरच पाठव.

आणि हो, तुझ्या पत्रावरही तारीख नाही.