खिडकीतल्या ऑर्किडची पानं थंडीत काळी पडून मऊ झालीयेत, झाड वाचेल का?

बहुतेक वाचेल, घाबरू नका. आधी त्याला काचेपासून लांब करा, कारण रात्री खोलीत बरं वाटलं तरी काचेजवळ हवा बरीच गार असते आणि पान काचेला टेकलं असेल तर तिथेच पाणी भरल्यासारखा खोलगट डाग पडून नंतर तो काळा होतो. फॅलेनॉप्सिस प्रकारचं ऑर्किड असेल (घरात बहुतेकांकडे तेच असतं) तर रात्री १५-१६ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, १० च्या आसपास तर नक्कीच त्रास होतो, कळ्याही गळतात. सिंबिडियम हा ऑर्किडचा दुसरा प्रकार मात्र वेगळा, त्याला उलट गार रात्री लागतात फुलं यायला, त्यामुळे आधी झाड कुठलं ते बघा.

काळं झालेलं पान परत हिरवं होत नाही. कोरडा डाग असेल तर राहू द्या, पण मऊ पडून पसरत असेल तर स्वच्छ केलेल्या ब्लेडने कापून टाका.

पाणी सकाळी द्या आणि कोमट, नळाचं गारेगार नको, आणि पानांच्या मधल्या बेचक्यात साचलं तर टिश्यूने टिपून घ्या नाहीतर तिथून कुजतं, मी एक झाड असंच घालवलंय. थंडीत कुंडीतलं मिश्रण उशिरा सुकतं म्हणून बोट घालून बघूनच पाणी द्यायचं. आणि हो, काळजीपोटी हीटरसमोर नेऊन ठेवू नका, गरम कोरड्या झोताने पण कळ्या गळतात. खत सध्या कमीच.

मुळं टणक असतील तर काम झालं, नवीन पान येईल, फक्त वेळ लागतो.