वाचकांचे प्रश्न : दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आणि न्यूटनचा दुसरा नियम

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला असून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आता पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षात (म्हणजे अकरावीत) विज्ञान शाखेत आहे. गळीत हंगामात आमच्या गावावरून उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडे जातात. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे ट्रॅक्टर ट्रॉलीला जेवढ्या बलाने पुढे ओढतो, तेवढ्याच बलाने ट्रॉली ट्रॅक्टरला मागे ओढते. मग ही दोन्ही बले एकमेकांना खोडून सारे जागच्या जागी का राहत नाही? शिवाय दुसऱ्या नियमाचे सूत्र (एकूण बल = वस्तुमान गुणिले त्वरण) पाठ असूनही अशा गणितांची सुरुवात कुठून करावी, हे उमगत नाही.

उत्तर : तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. कोणत्या वस्तूचा विचार चालला आहे हे ठरण्याआधीच बलांची बेरीज सुरू होते. क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात हे खरे, परंतु त्यांतील एक ट्रॉलीवर लागते आणि दुसरी ट्रॅक्टरवर. दुसऱ्या नियमात एकाच वस्तूवर बाहेरून लागणाऱ्या बलांची बेरीज करायची असते, त्यामुळे ही जोडी एका बेरजेत एकत्र येतच नाही. ट्रॉलीपुरते पाहिले तर हूकमधला ताण तिला पुढे ओढतो आणि चाकांचा रोध मागे ओढतो. ताण जास्त असेल तर ती पुढच्या दिशेने त्वरण घेते.

म्हणून आधी एक वस्तू निवडावी, तिची आकृती इतरांपासून सुटी काढावी, आणि जिथे जिथे दुसरे काही तिला स्पर्श करते तिथे एकेक बाण काढून त्यांत तिच्या वजनाचा बाण मिळवावा. वस्तुमान गुणिले त्वरण हा मात्र बाण नव्हे. तो त्या बेरजेचा परिणाम आहे आणि त्याची जागा समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला आहे. उत्तरपत्रिकांत हा जादा बाण हमखास आढळतो आणि पुढचे सारे गणित त्यापायीच बिघडते. न्यूटनने हा नियम १६८७ मध्ये प्रसिद्ध केला, तर परस्परलंब अक्षांवर वेगवेगळी समीकरणे मांडण्याची रीत गणितज्ञ ऑयलरने १७५० च्या सुमारास पुढे आणली.

आता आकडे घेऊ; ते हिशेबाच्या सोयीचे आहेत. ट्रॅक्टर ३,००० किलोग्रॅमचा, प्रत्येक भरलेली ट्रॉली ८,००० किलोग्रॅमची, चाकांचा रोध वजनाच्या दोन टक्के, गुरुत्वत्वरण १० आणि सपाट रस्त्यावर हवे असलेले त्वरण ०.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग. सुरुवात शेवटच्या ट्रॉलीपासून करावी, कारण तिला एकाच हूकने ओढले जाते. तिचा रोध १,६०० न्यूटन आणि त्वरणासाठी लागणारे बल २,००० न्यूटन, म्हणून मागच्या हूकमधला ताण ३,६०० न्यूटन. पुढच्या ट्रॉलीला मागून हाच ताण खेचतो. त्यात तिचे स्वतःचे ३,६०० मिळवले की पुढच्या हूकमध्ये ७,२०० न्यूटन येतात. ट्रॅक्टरचा स्वतःचा रोध ६०० आणि त्वरणासाठी ७५० धरता रस्त्याने त्याच्या टायरांना ८,५५० न्यूटनने पुढे ढकलले पाहिजे. तिन्ही एकत्र एकच वस्तू मानूनही ताळा घेता येतो : १९,००० गुणिले ०.२५ म्हणजे ४,७५०, अधिक एकूण रोध ३,८००. बेरीज तीच येते. मात्र या दुसऱ्या वाटेने हूकमधला ताण कळत नाही, कारण तो आता आतले बल झालेला असतो.

खरी गंमत चढावर आहे. वीस मीटर चालल्यावर एक मीटर वर नेणारा चढ घेतला, तर गुरुत्वाचा उताराच्या दिशेचा घटक वजनाच्या सुमारे विसाव्या भागाइतका, म्हणजे एकूण ९,५०० न्यूटन होतो. वेग वाढवायचा नाही, नुसते एकसारख्या वेगाने चढायचे म्हटले तरी ९,५०० आणि ३,८०० मिळून १३,३०० न्यूटन लागतात. हे बल देणार ते मागच्या चाकांखालचे घर्षण. ट्रॅक्टरच्या ३०,००० न्यूटन वजनापैकी २०,००० मागच्या चाकांवर येते आणि घर्षणांक (जास्तीत जास्त घर्षण आणि चाकांवरचा भार यांचे गुणोत्तर) ०.६ आहे असे धरले, तर जास्तीत जास्त १२,००० न्यूटन मिळतील. इंजिनात ताकद कितीही असो, चाके जागेवर फिरतील आणि ट्रॅक्टर चढणार नाही. एक ट्रॉली सोडून ठेवावी लागेल किंवा पुढे दुसरा ट्रॅक्टर जोडावा लागेल.

या हिशेबात प्रत्येक वाहन म्हणजे एक कण मानला आहे. चढावर पुढची चाके उचलली जातील का, असे विचारलेत तर बल कुठे लागते हेही महत्त्वाचे ठरते आणि कणाचे गणित तिथे अपुरे पडते.

प्रश्न : निपाणीच्या एका वाचक भगिनी विचारतात, चोर्ला घाटातून गोव्याला जाताना वळणावर आपण बसमध्ये बाहेरच्या बाजूला फेकले जातो, ते कोणत्या बलामुळे?

उत्तर : रस्त्यावर उभे राहून पाहणाऱ्याच्या दृष्टीने तुम्हाला बाहेर ढकलणारे बल नाहीच. तुमचे शरीर सरळ रेषेत जात असते, बस आत वळते, आणि आसनाचे घर्षण किंवा खिडकीची बाजू तुम्हाला आत ढकलते. बसला स्वतःला आत वळवते ते टायरांखालचे घर्षण. वळणाची त्रिज्या २५ मीटर आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर असेल, तर केंद्राकडील त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग येते आणि सपाट वळणावर किमान ०.४ घर्षणांक लागतो. वस्तुमान दोन्ही बाजूंनी रद्द होत असल्यामुळे बस रिकामी असो वा भरलेली, घसरण्याची वेगमर्यादा तीच राहते. वेग मात्र वर्गात येतो : पावसात घर्षणांक निम्म्यावर, ०.२ वर उतरला, तर त्याच वळणावर ताशी सुमारे २५ किलोमीटरच्या पुढे बस घसरेल.