निर्वासितांनी चालवलेल्या वृत्तपत्रासाठी धावून निधी उभा करण्यात अर्थ आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ‘कॉम्रेड्स’ या दक्षिण आफ्रिकेतील लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या सरावाला जोडून निर्वासितांनी स्वतः चालवलेल्या एखाद्या वृत्तपत्रासाठी पैसे गोळा करावेत का, ही पहिली. आणि ‘जिथे माणसांना पोटभर अन्न नाही तिथे बातम्यांसाठी देणगी कशाला’ असे म्हणणाऱ्या मित्रांना काय सांगावे, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे. दुसऱ्याला थोडे विस्ताराने उत्तर द्यावे लागेल, कारण ते नीट उलगडले की पैसे कोणाकडून आणि कोणत्या अटींवर घ्यावेत हेही त्यातूनच ठरते.

नोकरीनिमित्त मी काही वर्षे नैरोबीत राहिलो आणि तेथे बरोबर धावणाऱ्या मंडळींमुळे काकुमाकडे माझे लक्ष गेले, म्हणून उदाहरण तेथलेच घेतो. काकुमा ही केनियाच्या वायव्य टोकाला, तुर्काना या अतिशय कोरड्या प्रदेशात वसलेली छावणी आहे. सुदानमधील यादवीतून पायी वाट काढत आलेल्या मुलांसाठी ती 1992 मध्ये उभारली गेली आणि आज शेजारच्या कालोबेयेई वसाहतीसह तेथे दक्षिण सुदान, सोमालिया, काँगो, इथिओपिया, बुरुंडी अशा अनेक देशांतले दोन लाखांहून अधिक लोक राहतात. धावणाऱ्यांना हे नाव बहुधा 2016 च्या रिओ ऑलिंपिकमुळे माहीत असते. पहिल्या निर्वासित संघातील दक्षिण सुदानचे पाचही धावपटू याच छावणीतून निवडले गेले होते आणि न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकणाऱ्या पहिल्या आफ्रिकी महिला तेगला लोरूप यांच्या नैरोबीजवळच्या न्गाँग येथील केंद्रात त्यांची तयारी झाली होती. त्या धावपटूंविषयी जगभर लिहिले गेले. त्यांच्याही आठ वर्षे आधी, डिसेंबर 2008 मध्ये, त्याच छावणीत ‘काकुमा न्यूज रिफ्लेक्टर’ म्हणजेच ‘कानेरे’ हे वृत्तपत्र निर्वासितांनी सुरू केले होते. इथिओपियातून परागंदा झालेल्या पत्रकारांचा त्यात पुढाकार होता. त्याविषयी मात्र फारच थोडे लोक जाणतात.

आता तुमच्या मित्रांचा आक्षेप. छावणीत शिधा देणारी, दवाखाना चालवणारी, ओळखपत्राची आणि तिसऱ्या देशात पुनर्वसनाची कागदपत्रे पुढे सरकवणारी यंत्रणा ही मोजक्या संस्थांची आणि सरकारी कार्यालयांची असते. एखाद्याला शिध्याच्या वाटपाविषयी तक्रार करायची असेल तर ती ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांच्याच खिडकीवर नोंदवावी लागते. छावणीबाहेर जाण्यासाठी परवाना लागतो, त्यामुळे नैरोबीतील एखाद्या वृत्तपत्राच्या कार्यालयात जाऊन आपली बाजू मांडणे बहुतेकांना शक्य नसते. बाहेरून येणारे पत्रकार परवानगी काढून येतात, दुभाष्याच्या मदतीने चार माणसांशी बोलतात आणि परततात. त्यांच्यापैकी अनेकांचे काम प्रामाणिक असते, हे मी मुद्दाम नोंदवतो. परंतु नळाला पाणी किती दिवस आले नाही, कोणत्या विभागात रात्री बायकांना बाहेर पडण्याची भीती वाटते, शिधा कोणत्या कुटुंबांचा आणि कोणत्या निकषावर कमी झाला, हे सातत्याने लिहायला त्याच गल्लीत राहणारे आणि त्या लोकांची भाषा बोलणारे माणूसच लागते. जागतिक अन्न कार्यक्रमाकडील निधी आटत गेला तसा काकुमातील शिधा घटत गेला आणि 2025 मध्ये त्याविरुद्ध छावणीत लोक रस्त्यावर आले. अशा वेळी उपाशी माणसाला अन्नाइतकीच गरज असते ती आपले अन्न का थांबले हे विचारता येण्याची आणि तो प्रश्न छावणीबाहेर पोहोचण्याची. म्हणून बातमी विरुद्ध अन्न अशी तुलना मला मुळातच मान्य नाही.

याच कारणाने या वृत्तपत्राला पैसा मिळणे अवघड असते. ज्या संस्थांच्या कामाची चिकित्सा करायची, त्यांच्याच अनुदानावर ते चालले तर संपादकाचा हात प्रत्येक ओळीशी अडखळणार. मोठ्या देणगीदार प्रतिष्ठानांचा पैसा पुष्कळदा ठरावीक विषयाशी आणि ठरावीक मुदतीशी बांधलेला असतो. शिवाय नोंदणी, लेखापरीक्षण, बँक खाते अशा अटी निर्वासितांच्या गटाला पूर्ण करणे फार कठीण जाते, आणि कानेरेलाही नोंदणी व निधी या दोन्हींसाठी झगडावे लागले आहे. जाहिराती मिळाव्यात असा बाजार तेथे नाही. उरतो तो एकच पैसा: एकमेकांना न ओळखणाऱ्या शेकडो लोकांनी दिलेल्या लहान रकमांचा. अशा पैशाचा कोणी एक मालक नसतो, त्यामुळे कोणी एक जण तो अडवून धरू शकत नाही. लांब पल्ल्याचे धावणे हे नेमके असाच पैसा जमवण्याचे साधन आहे, आणि तुमच्या कल्पनेचे खरे महत्त्व मला यात दिसते. टेरी फॉक्स या कॅनडातील तरुणाने 1980 मध्ये एका कृत्रिम पायावर 143 दिवसांत 5,373 किलोमीटर अंतर कापले ते कर्करोगाच्या संशोधनासाठी, आणि त्याचे मागणे होते प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर. तो थांबला तरी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत देशाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे 2.4 कोटींहून अधिक, डॉलर जमले. तुमचे आवाहनही तसेच असावे. एका उद्योजकाकडून लाखभर रुपये घेण्यापेक्षा दोनशे जणांकडून पाचशे रुपये मागा, आणि शक्य असेल तर त्यांतील काही जणांना दरमहा थोडे देण्याची विनंती करा.

हा पैसा कशावर खर्च होतो, हे देणगीदारांना स्पष्ट सांगावे. मोबाइल डेटा, सौरऊर्जेवर फोन चार्ज करण्याची सोय, छावणीच्या एका टोकापासून कालोबेयेईपर्यंत बोडाबोडाने, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलने, जाण्याचे पैसे, छपाई, भाषांतर आणि बातमीदाराचे मानधन. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. मदत संस्थांमध्ये काम करणाऱ्या निर्वासिताला पगाराऐवजी ‘इन्सेंटिव्ह’ म्हणून जी रक्कम मिळते ती केनियन सहकाऱ्याच्या पगाराच्या तुलनेत फारच कमी असते. तीही सोडून जो बातमीदारी करतो, त्याला विनामूल्य राबवणे मला अन्यायाचे वाटते.

व्यवहाराचे काही मुद्दे. मुंबई मॅरेथॉनच्या अधिकृत निधिसंकलनात ‘युनायटेड वे मुंबई’ या संस्थेकडे नोंदलेल्या संस्थांसाठीच धावता येते, त्यामुळे परदेशी वृत्तपत्रासाठी तो मार्ग नाही. तुमचे आवाहन तुम्हाला स्वतंत्रपणेच करावे लागेल. लोकांचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊन पुढे पाठवू नका. प्रत्येकाने थेट वृत्तपत्राला किंवा त्याच्या वतीने पैसे स्वीकारणाऱ्या संस्थेला द्यावेत. भारतातून व्यक्तीला परदेशी देणगी देता येते, ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या एकूण मर्यादेत धरली जाते. मात्र तिच्यावर देणगीसाठीची आयकर सवलत मिळत नाही, आणि हे आधीच सांगितलेले बरे. उलट दिशेचा, म्हणजे भारतातील निर्वासितांच्या पत्रकारितेसाठी परदेशातून पैसे आणण्याचा, विचार असेल तर अधिक सावध राहा. म्यानमारमधून परागंदा झालेल्या पत्रकारांनी 1998 मध्ये दिल्लीत ‘मिझिमा’ ही वृत्तसंस्था सुरू केली, तशी निर्वासितांची पत्रकारिता भारतातही झाली आहे. परंतु विदेशी अंशदान कायदा नोंदणीकृत वृत्तपत्रांच्या संपादकांना, बातमीदारांना आणि दृक्‌श्राव्य बातम्या देणाऱ्या संस्थांना परदेशी पैसा घेण्यास मनाई करतो. अमेरिकेतील नातेवाइकांकडून अशा कामासाठी डॉलर मागण्यापूर्वी सनदी लेखापालाला विचारा.

सरावाच्या काळात काय करावे, याविषयी आमच्या गटाने अवलंबिलेली पद्धत सांगतो. दर रविवारच्या लांब धावेनंतर आम्ही आपले अंतर आणि वेळ कळवण्याऐवजी त्या वृत्तपत्रातील एक लेख देणगीदारांना पाठवत असू, सोबत मराठीत चार ओळींचा सारांश. पैसे देणाऱ्यांतले काही जण हळूहळू नियमित वाचक झाले, आणि त्या पत्रकारांना वाचकांची गरज पैशांपेक्षा कमी नाही. कॉम्रेड्सचे डर्बन ते पीटरमारित्झबर्ग हे सुमारे 90 किलोमीटरचे अंतर लोकांचे कुतूहल जागे करायला पुरेसे आहे; त्या कुतूहलाला तुमच्या गुडघ्यांपासून आणि पदकापासून त्या बातम्यांकडे वळवण्याचे काम मात्र तुम्हाला जाणीवपूर्वक करावे लागेल.

हे सर्व सुरू करण्यापूर्वी संपादकांना पत्र लिहा आणि त्यांची परवानगी घ्या. कोणत्या बातमीदाराचे नाव किंवा छायाचित्र वापरायचे हे त्यांनीच ठरवावे, कारण ज्यांचे आश्रयाचे किंवा पुनर्वसनाचे अर्ज अजून निर्णयाच्या प्रतीक्षेत आहेत किंवा ज्यांचे आईवडील मायदेशी आहेत, त्यांना प्रसिद्धीची किंमत मोजावी लागू शकते. देणगीच्या बदल्यात विशिष्ट लेखाची, आभाराच्या चित्रफितीची किंवा करुण कहाणीची मागणी करू नका, आणि पैसे कशावर खर्च करायचे याचा निर्णय त्यांच्याकडेच राहू द्या. शर्यत जूनमध्ये असते आणि छावणीतून उत्तर यायला, बँकेचे कागद जुळायला वेळ लागतो, तेव्हा हे पत्र सरावाच्या पहिल्याच महिन्यात जायला हवे.