डिकन्सन बेच्या तीन सह्या

कॅरिबियन बेटांच्या व्यापाराबद्दल मागे लिहिलं, तेव्हा १९६५ मध्ये अँटिग्वा, बार्बाडोस आणि ब्रिटिश गयाना या तिघांनी मिळून कॅरिबियन मुक्त व्यापार संघटना, म्हणजे 'कॅरिफ्टा' उभी केली, असा ओझरता उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर सगळ्यात जास्त पत्रं आली. त्यातली काही घेतो.

प्रश्न : अँटिग्वा हे नाव आम्हाला व्हिव्ह रिचर्ड्समुळे माहीत. एवढंसं बेट संस्थापक कसं झालं? (निवृत्त शिक्षक, सांगली)

बेट खरंच एवढंसं आहे. क्षेत्रफळ २८० चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. त्या काळात वस्ती पन्नास-साठ हजार. ऊस आणि थोडा कापूस पिकायचा, पर्यटक नुकते येऊ लागले होते.

पण गोष्ट १९५८ पासून धरायला हवी. ब्रिटनच्या दहा कॅरिबियन वसाहतींनी त्या वर्षी 'वेस्ट इंडीज फेडरेशन' हे संघराज्य केलं. ते चार वर्षंच टिकलं. सप्टेंबर १९६१ मध्ये जमैकाच्या मतदारांनी बाहेर पडायचा कौल दिला. त्यावर त्रिनिदादचे सरकारप्रमुख एरिक विल्यम्स म्हणाले, 'दहातून एक गेला की शून्य उरतं.' गणिताच्या मास्तरांना हे पटणार नाही, पण राजकारणात ते खरं ठरलं. त्रिनिदादही निघालं आणि मे १९६२ अखेर संघराज्य संपलं. उरलेल्या आठ लहान बेटांनी आपापसात संघ करायचा घाट घातला. त्याला 'लिटल एट' म्हणत. चर्चेची गुऱ्हाळं तीन वर्षं चालली आणि १९६५ मध्ये तेही बारगळलं. त्यातून अंग काढून घेणाऱ्यांमध्ये अँटिग्वाही होतं.

म्हणजे बार्बाडोसचे एरॉल बॅरो आणि अँटिग्वाचे व्हेअर बर्ड या दोन सरकारप्रमुखांचं राजकीय एकत्रीकरणावर जमलं नव्हतं, आणि त्याच वर्षीच्या १५ डिसेंबरला तेच दोघे अँटिग्वातल्या डिकन्सन बे इथे व्यापार करारावर सह्या करत होते. तिसरे गयानाचे फोर्ब्स बर्नहॅम. गयाना तर त्या संघराज्यात कधी शिरलाच नव्हता. एक चूल मांडणं जमलं नाही, तर निदान एकमेकांच्या दारातली जकात तरी उठवू, असा हा व्यवहार.

बर्ड यांच्याबद्दल दोन शब्द. ते मूळचे कामगार पुढारी. उसाच्या मळ्यांतल्या मजुरांची संघटना त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. बार्बाडोस आणि गयाना दोघेच असते, तर तो एक द्विपक्षीय करार म्हणून फायलीत पडला असता. तिसरं बेट आलं, तेही इतकं लहान, तेव्हा बाकीच्या लहान बेटांना आपणही यात बसू शकतो असं दिसलं. अँटिग्वाचं खरं योगदान मला हेच वाटतं. त्याच्या बाजारपेठेचा आकार पाहिला, तर ती असून नसल्यासारखीच होती.

प्रश्न : अँटिग्वा १९८१ मध्ये स्वतंत्र झालं असं वाचलं. मग १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय करार कसा केला? (विधी शाखेची विद्यार्थिनी, पुणे)

नेमकं बोट ठेवलंत. एकटं अँटिग्वाच नव्हे, त्या दिवशी सही करणाऱ्या तिघांपैकी एकही स्वतंत्र नव्हता. गयाना मे १९६६ मध्ये स्वतंत्र झाला, बार्बाडोस त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, आणि अँटिग्वा थेट १ नोव्हेंबर १९८१ रोजी. अंतर्गत कारभार स्थानिक मंत्र्यांकडे होता, परराष्ट्र व्यवहार लंडनकडे. त्यामुळे असल्या करारालाही लंडनची संमती लागायची.

आणि गंमत बघा, १९६२ पासून स्वतंत्र असलेले जमैका आणि त्रिनिदाद त्या टेबलावर नव्हतेच.

सही झाली म्हणून लगेच अंमल सुरू झाला असं मात्र नाही. इतरांना यायला वाव मिळावा म्हणून तो मुद्दाम लांबवला. ऑक्टोबर १९६७ मध्ये ब्रिजटाउनला सरकारप्रमुखांची परिषद झाली, तिथे सर्वांसाठी मुक्त व्यापार ठरला. १ मे १९६८ रोजी संघटना चालू झाली तेव्हा त्रिनिदाद आत होता. जुलैत डोमिनिका, ग्रेनाडा, सेंट लुशिया वगैरे बेटं आली, ऑगस्टमध्ये जमैका आणि माँटसेरात, आणि १९७१ मध्ये आजचं बेलीझ. थोरले शेवटी धाकट्यांच्या पंगतीत येऊन बसले.

प्रश्न : मुक्त व्यापार संघटना आणि सीमाशुल्क संघ यांत फरक काय? दोन्हींत शुल्क नसतंच ना? (व्यापारी, कोल्हापूर)

तुम्हाला जकात नाके आठवत असतीलच. दोन गावांनी ठरवलं की एकमेकांच्या मालावर जकात नाही, पण बाहेरून येणाऱ्या मालावर ज्याने त्याने आपापल्या दराने घ्यावी, तर तो मुक्त व्यापार. बाहेरच्या मालाचा दरही दोघांनी एकच ठेवला, तर सीमाशुल्क संघ.

पहिल्या पद्धतीत एक भोक राहतं. परदेशी कापड कमी दराच्या गावात उतरवायचं आणि तिथून दुसऱ्या गावात बिनजकात न्यायचं. ते बुजवायला 'मूळ देशाचे नियम' लागतात. कॅरिफ्टात सर्वसाधारण दंडक असा होता की वस्तूच्या किमतीतला निदान निम्मा भाग सभासद देशांत तयार झालेला हवा. त्यातही जो कच्चा माल त्या भागात मिळतच नाही, त्याची एक यादी होती. तो बाहेरून आणला तरी घरचाच धरायचा. यादी चांगलीच सैल होती, आणि बाहेरचे सुटे भाग जोडून 'आमचा माल' म्हणणाऱ्या कारखान्यांचं त्यामुळे फावलं.

प्रश्न : भारताने 'इफ्टा'शी करार केला, ती हीच संघटना का? (वाचक, ठाणे)

नाही. ती युरोपातली. आज तिच्यात स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन हे चार देश आहेत. भारताचा तिच्याशी करार १० मार्च २०२४ रोजी झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. नातं एवढंच, की कॅरिफ्टाचा मसुदा बराचसा या युरोपीय संघटनेच्या १९६० च्या करारावरून बेतलेला होता. स्वीडन-ब्रिटनसाठी शिवलेला कोट ऊस पिकवणाऱ्या बेटांना घातला, तर कुठे तरी ढगळ होणारच.

प्रश्न : पण अँटिग्वाला त्यातून मिळालं काय? (अर्थशास्त्राचे प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

सर, थेट व्यापारातून फार थोडं, असं माझं मत.

त्यांचा मुख्य माल साखर. ती ब्रिटनला ठरलेल्या भावाने जायची. शेजारच्या बेटांना ती विकायची कुणाला? तेही ऊसवालेच. शुल्क उठल्याचा फायदा ज्यांच्याकडे कारखाने होते त्यांना, म्हणजे त्रिनिदाद आणि जमैकाला झाला. अँटिग्वाच्या दुकानांत त्रिनिदादचा माल आला, आणि पूर्वी आयात शुल्कातून तिजोरीत पडणारा पैसा मात्र घटला. छोट्या बेटांच्या सरकारांचं उत्पन्न बरंचसं त्या शुल्कावरच चालायचं, हे विसरू नये. साखरेचा धंदा तर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडला. त्याचा दोष कॅरिफ्टाला देता येत नाही, पण कॅरिफ्टाने तो वाचवलाही नाही.

सवलती होत्या. सभासदांची 'अधिक विकसित' आणि 'कमी विकसित' अशी वर्गवारी झाली. पहिल्या गटात जमैका, त्रिनिदाद, गयाना आणि बार्बाडोस. संस्थापक असूनही अँटिग्वा दुसऱ्या गटात. काही वस्तूंवरचं शुल्क लगेच न उठवता हळूहळू हटवायचं होतं, त्यांची 'राखीव यादी' होती. ते हटवायला थोरल्यांना पाच वर्षं, लहानांना दहा. शेतमालासाठी वेगळा करार होता : कांदे, टोमॅटो, गाजर, भुईमूग, अगदी तूरसुद्धा, आधी सभासदांकडून घ्यायची आणि कमी पडली तरच बाहेरून आणायची. कागदावर छान. पण पाऊस बेभरवशाचा असलेल्या अँटिग्वाकडे विकायला शिल्लक असायची किती?

खरा लाभ संघटनेभोवती उभ्या राहिलेल्या संस्थांमधून झाला असं मी मानतो. १९६८ मध्येच लहान बेटांनी आपली वेगळी 'पूर्व कॅरिबियन सामाईक बाजारपेठ' केली. तिचं सचिवालय अँटिग्वात आलं. १९७० मध्ये कॅरिबियन विकास बँक सुरू झाली. तिचे पहिले अध्यक्ष आर्थर लुईस, सेंट लुशियाचे, पुढे १९७९ चे नोबेल विजेते. लहान बेटांना बंदरं-रस्त्यांसाठी स्वस्त कर्ज मिळायची ती सोय झाली.

तरीही १९७३ मध्ये कॅरिफ्टाची जागा घेणाऱ्या 'कॅरिकॉम'चा करार झाला, तेव्हा ४ जुलैला त्रिनिदादमधल्या चाग्वारामास इथे सह्या केल्या त्या चार थोरल्यांनी. ज्याच्या किनाऱ्यावर हे सुरू झालं, ते अँटिग्वा वर्षभराने आत आलं.

प्रश्न : वेस्ट इंडीजचा क्रिकेट संघ याच संघटनेतून आला का? (वाचक, दादर)

नाही. तो १९२८ पासून कसोटी खेळतोय. राजकारणात जे एकत्र राहिले नाहीत, ते मैदानावर राहिले. १९७१ मध्ये वाडेकरांचा संघ तिथे जिंकला आणि गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा काढल्या, तो काळ मात्र कॅरिफ्टाचाच.

खेळात हे नाव राहिलं ते धावपट्टीवर. १९७२ मध्ये बार्बाडोसला सुरू झालेल्या कनिष्ठ गटाच्या 'कॅरिफ्टा' स्पर्धा अजून दरवर्षी ईस्टरच्या सुमारास भरतात. २००४ मध्ये युसेन बोल्टने तिथेच २०० मीटर १९.९३ सेकंदांत धावून कनिष्ठ गटाचा जागतिक विक्रम केला. त्या वर्षीचं यजमान होतं बर्म्युडा, जे त्या व्यापार संघटनेत कधीच नव्हतं.