किडनी बर्फात का ठेवतात? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

परभणीच्या एक ताई विचारतात, मे महिन्याच्या उन्हात नांदेडहून संभाजीनगरला ट्रान्सप्लांटसाठी किडनी नेताना गाडीतच खराब होणार नाही का?

नाही हो ताई. बाहेर ४३ डिग्री असू द्या, पेटीत बर्फ पुरेसा असला की आत ४ डिग्रीच्या आसपासच राहतं. किडनी काढताना तिच्या रक्तवाहिनीतून थंडगार प्रिझर्वेशन सोल्यूशन सोडून आतलं रक्त धुऊन काढतात, मग त्यातच बुडवून एकात एक निर्जंतुक पिशव्या आणि वरून बर्फ. मला काळजी असते ती उशिराची. २४ तासांच्या आत बसवलेली बरी, आणि त्यातही जितकी लवकर तितकी चांगली, म्हणून तर ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे ॲम्ब्युलन्ससाठी रस्ता मोकळा, करतात. सायरन ऐकला की बाजूला व्हा, प्लीज.

लातूरहून: मग सरळ डीप फ्रीझरमध्ये का नाही ठेवत?

गोठली की पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. बर्फ थेट लागू नये म्हणूनच त्या पिशव्या.

बीडचा एक मुलगा: पप्पांचं ट्रान्सप्लांट आहे, सर्जन म्हणाले ऑपरेशन चालू असतानाही बर्फ लागतो. तो कशाला?

फार चांगला प्रश्न, कारण लोकांना पेटीच तेवढी माहीत असते. किडनी बाहेर काढली की रक्तवाहिन्या जोडून क्लॅम्प, म्हणजे त्या बंद ठेवणारे चिमटे, उघडेपर्यंत तिला रक्त नाही, आणि पोटात ठेवल्यावर शरीराच्या ३७ डिग्रीने ती भराभर गरम होते. थंडीत तिला ऑक्सिजन अगदी थोडा पुरतो, गरम झाली की भूक वाढते आणि द्यायला काहीच नसतं. शिवायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. म्हणून निर्जंतुक सलाईनचा चुरा केलेला बर्फ, आम्ही स्लश म्हणतो, गॉजमध्ये किडनीभोवती गुंडाळतात, फक्त रक्तवाहिन्या बाहेर ठेवून, आणि असिस्टंट मधून मधून थंड सलाईन ओतत राहतो. पप्पांना थंडी बाधेल ही भीती नको, भूलतज्ज्ञ टेम्परेचर बघत असतात, गरम हवेचं ब्लँकेटही असतं. क्लॅम्प काढल्यावर फिकी किडनी गुलाबी होते, कधी कधी टेबलावरच लघवी सुरू होते, तेव्हा अख्ख्या थिएटरला हायसं वाटतं.

जालन्याहून: आईच किडनी देणार आहे, शेजारच्याच थिएटरमध्ये. तरी बर्फ?

हो, तरीही. वेळ कमी असतो एवढंच, त्यामुळे अशी किडनी बहुतेकदा लगेच काम सुरू करते.

हिंगोलीहून: भावाला ब्रेनडेड दात्याची किडनी बसवली, चार दिवस झाले लघवी नाही, फेल गेली का?

लगेच तसं धरू नका. जास्त वेळ बर्फात राहिलेली किडनी कधी कधी उशिरा जागी होते, तोवर डायलिसिस करावं लागतं, बऱ्याच जणांचं काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत सुरळीत होतं. डॉप्लर सोनोग्राफी करून रक्तपुरवठा बघतील, गरज पडली तर बायोप्सी. शरीराने नवी किडनी नाकारू नये (रिजेक्शन) म्हणून दिलेल्या गोळ्यांचा एकही डोस मात्र चुकवू देऊ नका.