जलद इन्सुलिन सुरू केल्यापासून पंपाचा सेट तिसऱ्या दिवशी का बिघडतो?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमच्या अकरा वर्षांच्या मुलीला दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी पंपात, म्हणजे अंगावर लावलेल्या इन्सुलिन देणाऱ्या यंत्रात, नवं जलद इन्सुलिन सुरू केलं. पहिले दोन दिवस शुगर छान राहते आणि तिसऱ्या दिवशी जेवणानंतर ३०० च्या वर जाऊन बसते. सेट, म्हणजे पंपाची नळी आणि तिच्या टोकाला टेपने चिकटवलेली, कातडीखाली जाणारी बारीक कॅन्युला, काढला की खालची जागा लाल, कडक, खाजणारी. पंप मात्र एकदाही वाजत नाही. मग इन्सुलिन खराब आहे की पंप, असं विचारलंय. बहुधा दोन्ही ठीक आहेत. जागा थकलेली आहे.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. टाइप वन मधुमेह होऊन २२ वर्षं झाली, गेली सहा वर्षं पंपावर आहे, आणि तुम्ही म्हणता तो तिसरा दिवस मी चांगला ओळखतो.

दोन वर्षांपूर्वी सिद्धेश्वरांच्या यात्रेत ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाच्या दिवशी मी नंदीध्वजांबरोबर चालत होतो. अंगात बाराबंदी, आत कमरेला पंप. सेटचा तिसरा दिवस होता, पण यात्रेच्या धांदलीत कोण बदलणार, उद्या बघू म्हटलं. सकाळी शुगर २१०, बोलस, म्हणजे इन्सुलिनचा एकदम द्यायचा डोस, दिला. तासाभराने २६०, पुन्हा बोलस. दुपारी ३४०. एवढं चालल्यावर एरवी माझी शुगर उतरते, खिशात गूळ ठेवावा लागतो. चालूनही चढतेय म्हणजे इन्सुलिन अंगात जातच नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. घरी पोचेपर्यंत मळमळ सुरू झाली. रक्तातले कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की वाढणारी आम्लं, २.१ निघाले. सेट काढला तर टेप खालून ओली आणि तिला इन्सुलिनचा तो औषधी वास. दिवसभराचे बोलस कातडीखाली पोचण्याऐवजी टेपमध्ये मुरले होते. लगेच डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी सांगितलं तसं टोचायच्या पेनने इन्सुलिन घेतलं, नवा सेट घातला, पाणी पीत राहिलो. रात्री उशिरा शुगर खाली आली.

पंप का वाजला नाही? कारण त्याला फक्त नळीतला दाब कळतो. कॅन्युला पूर्ण दुमडली किंवा तुंबली तर दाब वाढतो आणि तो ओरडतो. पण इन्सुलिन कॅन्युलाच्या कडेने परत वर येत असेल, किंवा सुजलेल्या मांसात नुसतं साचून राहत असेल, तर दाब वाढत नाही. पंपाच्या हिशेबी डोस गेलेला असतो. लहान मुलांचं बेसल, म्हणजे पंप दिवसभर थोडं थोडं देत राहतो ते इन्सुलिन, इतकं थोडं असतं की खरोखर तुंबलं तरी अलार्म व्हायला काही तास जाऊ शकतात. आणि पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, पेनवाल्यांसारखं लांब पल्ल्याचं इन्सुलिन अंगात साठलेलं नसतं. म्हणून पुरवठा थांबला की थोड्या तासांत कीटोन चढतात.

आता जागा लवकर का थकते ते. कॅन्युला ही शरीराला परकी वस्तू, तिच्याभोवती सूज येणारच. त्यात प्रत्येक इन्सुलिनमध्ये टिकण्यासाठी फिनॉल किंवा मेटाक्रेसॉल घातलेलं असतं, त्यांचाही त्रास होतो. हे अ‍ॅस्पार्ट आणि लिस्प्रो या जुन्या जलद इन्सुलिनांनाही लागू आहे. नव्या जलद इन्सुलिनांत रेणू तेच आहेत, वेग येतो तो सोबतच्या पदार्थांमुळे. २०१७ मध्ये आलेल्या फियास्पमध्ये अ‍ॅस्पार्टबरोबर नायसिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, घातलेलं असतं. २०२० मध्ये आलेल्या ल्युमजेवमध्ये लिस्प्रोबरोबर ट्रेप्रोस्टिनिल आणि सायट्रेट असतं. ट्रेप्रोस्टिनिल तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतं, सायट्रेट त्यांच्या भिंतीतून इन्सुलिनला लवकर वाट देतं. पेनने टोचताना प्रत्येक वेळी जागा वेगळी असते. पंपात मात्र हे सगळं दोन-तीन दिवस एकाच टोकापाशी थेंबाथेंबाने पडत राहतं. काहींच्या कातडीला काहीच होत नाही, काहींची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच भडकते. तुमच्या मुलीची दुसऱ्या गटातली दिसते.

म्हणून सेट बदलायला नर्सबाई सांगतात ते तीन दिवस ही शेवटची हद्द समजा. पुढचे पाच-सहा सेट घालताना टेपवर तारीख आणि तास लिहा. शुगर कितव्या तासाला ऐकेनाशी होते आणि काढल्यावर जागा कशी दिसते, ते वहीत टिपा. माझं गणित ४६ ते ५० तासांच्या मध्ये आलं, तेव्हापासून मी ४८ तासांनी बदलतो, शुगर चांगली असली तरी. याने महिन्याला दहाऐवजी पंधरा सेट लागतात, आणि मध्यमवर्गीय घराला ते जड जातं हे मला माहीत आहे. म्हणूनच आधी वही. तिच्या डॉक्टरांपुढे वही ठेवली की स्टीलच्या सुईचा सेट बघायचा, कॅन्युलाची लांबी बदलायची, की जुन्या इन्सुलिनवर परत जायचं, हे नीट ठरवता येतं. स्टीलची सुई दुमडत नाही, पण तीही दोन दिवसांतच बदलावी लागते. जुन्या इन्सुलिनवर परत जाण्यात कमीपणा काही नाही, दहा-पंधरा मिनिटं आधी बोलस द्यायची सवय पुन्हा लावावी लागते एवढंच.

सेट सकाळी किंवा शाळेतून आल्यावर बदला, झोपताना कधीच नको. नवा सेट बसला की नाही ते दोन तासांनी शुगर बघूनच कळतं, आणि त्या वेळी घर जागं हवं. इन्सुलिन फ्रिजमधून काढून थेट भरू नका, गार इन्सुलिन गरम झालं की नळीत बुडबुडे होतात. नवी जागा जुन्या जागेपासून निदान एक इंच लांब घ्या आणि बेंबीजवळ नको. पोटावर हलका हात फिरवून बघा, जिथे गाठ किंवा जाड गादीसारखं लागेल तिथे सेट घालू नका. तिथे मुलांना दुखत नाही म्हणून ती तीच जागा मागतात, पण इन्सुलिन तिथून नीट जात नाही.

उन्हाळ्याचं एक सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो, आणि पंपातलं इन्सुलिन ३७ अंशांपुढे तापलं तर टाकून द्यायचं असतं. मुलीचा पंप कपड्यांच्या आत ठेवा, नळी उन्हात लोंबू देऊ नका. घामाने टेप सुटते, त्यामुळे चढलेल्या शुगरचं कारण कधी कधी निव्वळ टेपच असतं.

सगळ्यात महत्त्वाचं: शुगर २५० च्या वर गेली की पंपाने एकदा करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायचा बोलस, द्या आणि दीड-दोन तास थांबा. उतरली नाही तर त्याच सेटमधून दुसरं करेक्शन देऊ नका, मी यात्रेत नेमकं तेच केलं. कीटोन तपासा, पेनने डोस द्या, सेट बदला. हा पेनचा डोस किती, ते डॉक्टरांकडून आजच कागदावर लिहून घ्या, त्या घाबरलेल्या वेळी हिशेब सुचत नाही. पेनने दिलेलं इन्सुलिन पंपाला माहीत नसतं, म्हणून तो ऑटोवर, म्हणजे शुगर बघून स्वतःच डोस ठरवत, असेल तर किती तास मॅन्युअलवर ठेवायचा तेही विचारून घ्या, नाहीतर नव्या सेटमधून तो वरून आणखी देईल आणि रात्री शुगर घसरेल. रक्तातले कीटोन ०.६ च्या खाली ठीक, १.५ च्या वर गेले तर लगेच डॉक्टरांना फोन, ३ च्या वर किंवा उलट्या सुरू झाल्या तर वाट न बघता दवाखाना.

दप्तरात एक सेट, पेन आणि कीटोनच्या पट्ट्या कायम असू द्या, आणि वर्गशिक्षिकेला एकदा घरी बोलावून सेट कसा दिसतो ते दाखवा. वहीत काय आलं ते इथेच खाली लिहा, मी बघतो.