बिडी सोडताय? पहिले तीन दिवस असे काढा

भाऊ, तारीख ठरली ना, मग आदल्या रात्रीच बंडल आन् काडीपेटी घराबाहेर काढा. अडीनडीला म्हणून ठेवलेली एक बिडीच घात करते. पहिले ३ दिवस लई जड जातात, चिडचिड होते, झोप उडते. पण एक तलफ ५ मिनिटांच्या आसपासच टिकते. तेवढ्यात सोबत्याला फोन लावा, मूठभर फुटाणे चावा. मोंढ्यावर चहाला जायचं तर न ओढणाऱ्यासोबतच.

उठल्यावर अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल तर निकोटीन गम (तंबाखूतलं निकोटीन थोडं थोडं देऊन तलफ कमी करणारा औषधी गम) ४ मिलिग्रॅमचा घ्या, नाहीतर २ चा. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बहुतेकांचं चुकतं ते चावण्यात. साध्या च्युइंगमसारखा चघळला की उचकी लागते, मळमळतं. हळू चावा, तोंडात झिणझिणलं की गाल आन् हिरडीच्या मधे दाबून ठेवा, झिणझिण गेली की पुन्हा चावा. अर्धा तास असंच. त्याआधी १५ मिनिटं आन् गम तोंडात असताना चहा नको, निकोटीन नीट शोषलं जात नाही.

बिडीच्या जागी तंबाखू-चुना मळायला लागू नका, निकोटीन तेच. एखादी ओढली गेलीच तर लपवू नका, त्याच दिवशी सोबत्याला सांगा. १८००-११-२३५६ वर मोफत सल्लाही मिळतो.